खिडकीकडं तोंड केलेल्या दोन खुर्च्या

मल्हारी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीतल्या माझ्या दुकानात गादीवर बसून एका नवरीच्या आईपुढं भरजरी शालू उलगडत होतो, आणि बातमी ऐकताच तो शालू माझ्या हातातून असा सुटला की पायऱ्या उतरून थेट रस्त्यापर्यंत उलगडत गेला... असं मी आतापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघातिघांनी तर तो शालू रस्त्यावर पडलेला स्वतः पाहिल्याचंही मला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की त्या वेळी मी दुकानाच्या मागच्या संडासात होतो. भिंतीला एक हात टेकून, दात आवळून, थेंबाची वाट बघत उभा होतो. बाहेरून आमच्या दुकानातल्या माणसानं दार वाजवलं, "शेठ, डाक्टरांच्या रेणुकाताईचा फोन हाय. रडायल्यात." ज्या माणसानं सबंध आयुष्य लोकांची लघवीची दुखणी बरी करण्यात घालवलं, त्या डॉ. मल्हारी गडदेच्या, माझ्या बालमित्राच्या जाण्याची बातमी मला अशा जागी आणि अशा अवस्थेत कळावी, याला लोक योगायोग म्हणतील. मी याला थोबाडीत बसणं म्हणतो.

मल्हारीनं सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि वहिनी पेपर घेऊन येईपर्यंत मान कलली होती. हृदय. कुणाला त्रास दिला नाही की कुणाची वाट बघितली नाही. म्हणजे... एका माणसाची बघितली होती, बरेच महिने. त्याचंच हे सांगणं आहे.

आम्ही दोघं देवगाव रंगारीचे. आमच्या घरी शेती, त्याच्या घरी मेंढरं. सुगी संपली की त्याचे वडील, दाजीबा, आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचे. कळप रातभर वावरात बसला की लेंड्यांचं खत आयतं पडायचं, आणि बदल्यात आमच्याकडून ज्वारी जायची. दाजीबांचा कळप केवढा होता? पुढची मेंढी कन्नडच्या घाटात पोचली तरी मागची आमच्या पारावर शेंगांची टरफलं खात उभी असायची. हे मी मल्हारीच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांना सांगितलं, आणि ते बिचारे असा तालेवार जावई मिळाला म्हणून मांडवभर छाती काढून फिरायला लागले. मल्हारी मुंडावळ्या सावरत त्यांच्याकडं वाकला आणि म्हणाला, "मामा, दिग्याचं चौथाई धरायचं." हा त्याचा नियम होता. मी काहीही सांगितलं की तो मनातल्या मनात चारानं भागायचा, आणि उत्तर बहुतेक बरोबर यायचं. मला राग यायचा तो भागण्याचा नाही, बरोबर येण्याचा.

दाजीबा आणि मल्हारी कळपामागं चालत बोलायचे ते मला अजून दिसतं. दोघं शेजारी शेजारी, खांद्यावर आडव्या काठ्या, दोघांची नजर मेंढरांच्या पाठीवर. एकमेकांच्या तोंडाकडं कुणी बघायचं नाही. आमच्या घरी काही विचारायचं झालं की वडील मला समोर उभं करायचे, "माझ्याकडं बघ आन् खरं सांग," म्हणायचे, आणि मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून चोख खोटं बोलायचो. माझं सगळं कसब तिथंच तयार झालं. मल्हारी मात्र गणितात नापास झालेला, घोंगडी हरवलेली, मास्तरांनी 'मेंढरात जा' म्हटलेलं, सगळं चालता चालता बापाला सांगून मोकळा व्हायचा. दाजीबा लगेच काही बोलायचे नाहीत. एखादी बाभळ मागं पडायची, मग म्हणायचे, "बरं." तेवढ्यावर पोरगं हलकं होऊन उड्या मारायला लागायचं.

आणखी एक गोष्ट इथं सांगून टाकतो, कारण पुढं ती लागणार आहे. शाळेच्या मागच्या भिंतीवर आम्हा पोरांची एक स्पर्धा चालायची. कुणाची धार किती उंच जाते, एवढंच. सभ्य वाचकांनी क्षमा करावी, पण मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळेच्या मागं हा खेळ झालेलाच आहे. तिथला राजा मी होतो. माझी धार भिंतीवरून पलीकडं जाऊन हेडमास्तरांच्या सायकलच्या घंटीवर पडायची आणि घंटी वाजायची. चौथाई धरलं तरी भिंतीच्या वरच्या चिऱ्यापर्यंत जायची, हे खुद्द मल्हारीनं मान्य केलेलं होतं. तो कायम दुसरा. आयुष्यात त्याला मी हरवलं असं तेवढंच एक ठिकाण.

पुढं तो शिकत गेला आणि मी चुलत्याच्या दुकानात कापड मोजायला लागलो. डॉक्टरकीला तो याच शहरात होता, सुट्टीच्या दिवशी दुकानात यायचा आणि तागे उशाला घेऊन झोपायचा. शेवटच्या वर्षाला असताना एक दिवस दाजीबांना गावाकडून जीपमध्ये घालून आणलं. पोट ढोलकीसारखं फुगलेलं. कित्येक महिन्यांपासून लघवी अडत होती. कळपामागं चालताना ते मागं राहायचे, काटवणाआड जायचे, आणि बऱ्याच वेळानं परत येऊन म्हणायचे, मेंढी अडकली होती. पोरगा डॉक्टर होतोय, तरी पोराला एका शब्दानं सांगितलं नाही. वॉर्डात मल्हारी कॉटच्या पायथ्याशी उभा राहून विचारायचा, "दादा, कधीपासून हाय हे?" दाजीबा छताकडं बघायचे. नळी घातली, पोट उतरलं, तरी तोंड उघडेना. मग एका संध्याकाळी मल्हारी कॉटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दोघांचे पाय खाली, दोघांची तोंडं खिडकीकडं. आवारात कुणाची तरी शेळी पाला ओढत होती. "गाभण हाय का?" दाजीबांनी विचारलं. "दिसती तर तशी." आणि मग त्या शेळीकडं बघत बघत म्हाताऱ्यानं पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. मल्हारी म्हणाला, "मंग मला कामून नाय सांगितलं, दादा?" तर दाजीबा म्हणाले, "तू म्होरं हुबा राहून इचारतूस. तोंडाकडं बघून कसं सांगावं, लेकरा?"

तोवर दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली होती. दाजीबांनी ती दिवाळी बघितली नाही. ही गोष्ट मल्हारीनं मला एकदाच सांगितली, तीही माझ्या स्कूटरवर मागं बसून. मी ती आजवर कुठंही रंगवलेली नाही. तिच्यातलं काही कमी-जास्त करायला माझा हातच धजला नाही.

त्यानंतर त्यानं हीच शाखा का घेतली, हे सांगायला नको. मुंबईला जाऊन पुढचं शिकून आला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात राहा म्हणून त्याला आग्रह झाला. त्याचं उत्तर होतं, "हितं माणसं इचारल्यावर सांगतात. आमची माणसं सांगत नाहीत. मला तिकडं काम हाय." आणि तो परत आला. आपल्याकडं ऊन असं की चैत्रात माणसाच्या अंगातलं पाणी पायापर्यंत पोचत नाही. मुतखड्याला तर आपला मुलूख म्हणजे माहेर. पण त्यानं दवाखाना काढला तेव्हा सगळे हसले ते खोलीला. टेबल एका कोपऱ्यात भिंतीला लावलेलं, आणि मधोमध दोन खुर्च्या, शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं मागच्या गल्लीकडच्या खिडकीकडं. एकीवर पेशंट, एकीवर डॉक्टर. एसटीत बसल्यासारखे. त्या खुर्च्यांना कापड मी दिलं, हिरवं, जाड, पडद्याचं. "सात पिढ्या हालणार नाही," म्हणालो. वर्षाच्या आत मल्हारीचा निरोप आला की पेशंटच्या खुर्चीचा उजव्या हाताखालचा काठ उसवलाय. मी दुकानातूनच ओरडलो, "माझं कापड उसवत नसतं, माणसं उसवतात!" नवीन कापड पाठवतो म्हटलं, तर म्हणाला, "नगं. राहू दे तसंच. बोलताना हाताला काहीतरी लागतं माणसाला."

खिडकीबाहेर गल्लीत अजीजभाईचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं. अजीजभाई ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवायचा, फिरवायचा, कुठून बुडबुडे येतात ते बघायचा. आत खुर्चीवर बसलेला माणूसही तेच बघायचा. पैठणकडचे एक जाडजूड शेतकरी अर्धा तास गप्प बसून होते म्हणे. मल्हारीही गप्प. शेवटी बुडबुडे आले तसे ते म्हणाले, "डाक्टर, आमचं बी आसंच झालंया. धार नाय. पायावर पडती." बजाजनगरातून एक बाई यायची, कारखान्यात कामाला होती. सारखी आग, सारखा ताप. पाणीच पीत नव्हती, कारण पाणी प्यायलं की मशीन सोडून जावं लागतं, आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारतो, "पुन्हा?" बाहेर बघत बघत तिनं हे सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. मल्हारीनं त्या सुपरवायझरलाच एकदा फोन करून तपासायला या म्हणून बोलावलं, कारण न सांगता. ही गोष्ट सांगताना मी पुढं जोडतो की त्याच्या पोटात लिंबाएवढा खडा निघाला आणि तो गुडघ्यांवर रांगत बाईची माफी मागायला गेला. खडा निघाला, हे खरं. बाईला पुन्हा कुणी 'पुन्हा?' विचारलं नाही, हेही खरं. लिंबू आणि रांगणं माझं.

आता दवाखान्याच्या पुढच्या दारावर 'मूत्रविकारतज्ज्ञ' अशी ठळक पाटी. त्या पाटीखालून आत शिरणं म्हणजे आपल्या पुरुषांना गाढवावरून धिंड निघाल्यासारखं. म्हणून लोकांनी एक युक्ती काढली. गाडी घेऊन मागच्या गल्लीत यायचं, अजीजभाईपुढं उभी करायची, "जरा हवा कमी वाटतेय, बघा" म्हणायचं, आणि तो धडधाकट ट्यूब घमेल्यात फिरवत असताना इकडंतिकडं बघून मागच्या दारानं आत सटकायचं. आमच्या शहरातल्या निम्म्या इज्जतदार माणसांच्या गाड्यांना एकही भोक नसताना अजीजभाईनं आयुष्यभर त्यांची चाकं खोलली. वकील, मास्तर, पुढारी... एकदा तर एक मोठे साहेब लाल दिव्याच्या गाडीचं स्टेपनी टायर काखेत मारून आले होते. (इथं चौथाई धरावं.) अजीजभाईला सगळं कळायचं. चाक खोलता खोलता हळूच म्हणायचा, "टाइम लगता साब, अंदर छाँव में बैठो ना." कुणाचं नाव त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मी चहा पाजून पाजून थकलो. "शेठ, चाय पिलाव, किस्से मत पूछो," म्हणायचा.

मल्हारीचा आणखी एक नियम होता, आणि तो मला तेव्हा फार आवडायचा. खुर्चीवर बसल्याशिवाय तो कुणालाही स्वतःहून विचारायचा नाही. लग्नात, मयतीत, रस्त्यात माणूस कसा चालतो, किती वेळा उठतो यावरून त्याला अर्धं निदान झालेलं असायचं. तरी तोंडातून शब्द नाही. मी म्हणायचो, "बे, सांगून टाक ना त्याला." तर म्हणायचा, "शरम त्याची हाय, दिग्या. तिला ओढून काढलं की फाटती. त्यानं आपल्या हातानं सोडली तरच निघती." माझ्यासारख्या कापडवाल्याला हे लगेच पटलं. मी ते दुकानात गिऱ्हाइकांना माझंच वाक्य म्हणून सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी मला सुरू झालं. आधी रात्री उठणं. मग दिवसा. मग उभं राहून वाट बघणं. ज्यांनी माझ्या गप्पा ऐकल्यात त्यांना ठाऊक आहे की मी गोष्ट अर्धी सोडून कधी उठत नाही. भूकंप झाला तर भूकंपाला थांबवीन. तो मी गोष्टीच्या ऐन मध्यावर उठायला लागलो. "आलोच, फोन करून," म्हणायचो, आणि फोन गादीवरच पडलेला असायचा. घरी मंडळी म्हणाली, "मल्हारीभावजींना दाखवा की. घरचाच डॉक्टर आहे." घरचाच म्हणूनच तर! जगातल्या दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरपुढं मी फक्त म्हातारा ठरलो असतो. याच्यापुढं मी हरलो असतो. शाळेची भिंत त्यानं बघितली होती ना.

त्याला कळलं होतं. आम्ही दर रविवारी दुपारी त्याच्या ओट्यावर बसायचो. मी उठून आत जायचो, यायचो, आणि तो सुपारी कातरत समोरच्या रस्त्याकडं बघत विचारायचा, "काय दिग्या, शाळेच्या भिंतीचं काय हाल?" नियम मोडायचा नव्हता म्हणून त्यानं ही पळवाट काढली होती. मला ती पहिल्याच वेळी कळली. मी म्हणायचो, "भिंत? आता हेडमास्तरानं सायकल विकून बुलेट घेतली, तरी घंटी वाजते!" तो हसायचा. दर रविवारी हसायचा. कधी म्हणायचा, "खुर्ची मोकळी असती बघ बुधवारी." मी म्हणायचो, "मोकळी ठेवू नको, भाड्यानं दे." आयुष्यभर मी खोटं बोललो ते समोरच्याला मजा यावी म्हणून. हे पहिलं खोटं, ज्यात ऐकणाऱ्याला मजा नव्हती आणि सांगणाऱ्यालाही नव्हती.

आणि मग तो बुधवार. आदल्या रात्री असा त्रास झाला होता की सकाळी मी ठरवूनच निघालो. स्कूटर काढली, आणि माझी स्कूटर आपोआप कुठं वळली? पाटीकडं नाही. मागच्या गल्लीत. आयुष्यभर ज्या माणसांच्या मी नकला करून दाखवल्या, त्यांच्यासारखाच अजीजभाईपुढं उभा राहून मी म्हणालो, "हवा कमी वाटतेय, बघ जरा." त्यानं पाना उचलला. चाक खोललं, ट्यूब घमेल्यात फिरवली. बुडबुडा नाही. पुन्हा फिरवली, सावकाश, मला वेळ मिळावा म्हणून. "टाइम लगता, शेठ," तो घमेल्याकडंच बघत म्हणाला, "अंदर छाँव में बैठो ना."

मी मागच्या दाराकडं बघितलं, आणि दाराशेजारच्या खिडकीतून मल्हारी माझ्याकडं बघत होता. शेजारच्या खुर्चीवर पेशंट होता. आत बसून बाहेरचं दिसतं, म्हणजे बाहेरून आतलंही दिसतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी नेहमी आतून हसणाऱ्यांपैकी होतो. त्यानं हात हलवला नाही. उठून बाहेर आला नाही. फक्त मान फिरवली आणि भिंतीकडं बघत पेशंटशी बोलत राहिला. खिडकी असून भिंतीकडं! मला दारापर्यंतची चार पावलं कुणाच्या नजरेविना टाकता यावीत म्हणून. इतकी सोय मला कुणीच करून दिली नसेल, आईनंसुद्धा.

मी अजीजभाईला म्हटलं, "बसव चाक." आणि निघून आलो.

रविवारी गेलो तेव्हा तो सुपारी कातरत होता. "टायर ठीक हाय ना?" "ठणठणीत," मी म्हणालो, "कंपनीवाले फोटो काढायला यायलेत." तो त्या दिवशी हसला नाही. रस्त्याकडं बघत म्हणाला, "बरं." दाजीबांसारखं. पण दाजीबांचं 'बरं' खरं ऐकल्यावरचं असायचं... पुढचे दोन रविवार मी गेलोच नाही. लग्नसराई आहे असं कळवलं. तिसरा आलाच नाही.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी तासभर बोललो. कळप कन्नडला पोचवला, सुपरवायझरला रांगवलं, लाल दिव्याचं स्टेपनी आणलं. रडायला आलेली माणसं पोट धरून हसत होती. आणि ऐन भरात असताना मला लागली. थांबवेना. "मल्हारी..." एवढंच म्हणालो आणि चष्मा काढून, तोंडावर रुमाल धरून व्यासपीठावरून जवळजवळ पळालो. सगळ्यांना वाटलं, हुंदका अनावर झाला. परत आलो तर सभागृह सुन्न. लोक उठून माझ्या पाठीवर हात ठेवत होते. "अशी मैत्री बघायला मिळत नाही," एक जण म्हणाले. मी मान खाली घालून ते सगळं घेतलं. मल्हारीच्या शोकसभेत, मल्हारीपासून लपवलेल्या दुखण्यावर मी दुःखाची वाहवा मिळवली. चौथाई धरायचीही सोय नाही, कारण यात वाढवलेलं काहीच नाही.

एकटी रेणुका पाठीवर हात ठेवायला आली नाही. मल्हारीची मुलगी, बापाच्याच शाखेची डॉक्टर, आता तोच दवाखाना बघते. पहिल्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसली होती. निघताना दारात माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, बाहेरच्या गर्दीकडं तोंड करून. "काका, उद्या बुधवार आहे," म्हणाली. एवढंच.

बुधवारी मी पुढच्या दारानं गेलो. पाटीखालून. चौकातले दोघं ओळखीचे होते, त्यांना रामराम करून गेलो. पाय किती लटपटत होते ते सांगत नाही, कारण तुम्ही पुन्हा भागायला लागाल. आत खोली होती तशीच. टेबल कोपऱ्यात, दोन खुर्च्या, खिडकी. रेणुका बापाच्या खुर्चीवर बसलेली. मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसलो. तिला कापड माझं, पण बसलो कधीच नव्हतो. बाहेर अजीजभाईनं मला बघितलं. उठला, घमेलं उचलून फिरवून ठेवलं, आणि आमच्याकडं पाठ करून पुन्हा कामाला बसला.

रेणुका खिडकीबाहेर बघत राहिली.  माझ्याकडं एवढा वेळ शब्द नाहीत असं प्रथमच झालं असेल. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून घोडा घोडा केलं, तिला काय आणि कसं सांगायचं?   माझा उजवा हात खुर्चीच्या काठावर फिरत होता, त्याला काहीतरी लागलं, तो ते ओढत बसला. मग मी बाहेर बघत म्हणालो, "जरा त्रास होतोय. रात्री उठावं लागतं."

"किती वेळा, काका?"

"दोनदा."

ती बाहेरच बघत होती. "बाबांनी मला सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "काकांचं ओट्यावर चौथाई धरायचं. पण खुर्चीवर बसले, की दुप्पट."

म्हणजे त्याला खात्री होती. मी एक दिवस बसेन, याची. आणि बसल्यावरही खोटं बोलेन, याची. फक्त आपण शेजारी असू, याची त्यानं खात्री धरली नव्हती... मला पुढं काही दिसेना. या वेळी रुमाल खराच लागला.

"दुप्पट नको," मी म्हणालो. "पाच वेळा. कधी सहा. धार नाही, पायावर पडते. दोन वर्षं झाली. तुझ्या बापाला कळलं होतं, आणि मी त्याच्याशी खोटं बोललो. हे जसंच्या तसं धर."

 अजीजभाईनं एक चाक बसवलं, दुसरं घेतलं. मग रेणुका म्हणाली, "बरं."

तपासण्या झाल्या. प्रोस्टेटची ग्रंथी बरीच वाढलीय, मूत्राशय थकलंय, एका मूत्रपिंडाला सूज आहे. वेळेवर आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं, असं रेणुकानं खुर्चीवर बसूनच सांगितलं, बाहेर बघत. आता दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं आहे. मूत्रपिंड पूर्ववत होईल की नाही, ते नंतरच कळेल. दाजीबांचं जे झालं ते आपल्या मित्राचं होऊ नये म्हणून त्यांच्या पोरानं दीड वर्ष सुपारी कातरत मला भिंतीबद्दल विचारलं, आणि मी दीड वर्ष त्याला बुलेटची घंटी वाजवून दाखवली. हे छापून यावं अशी माझी इच्छा आहे. गुलमंडीत लोक हसतील. हसू देत. त्यातल्या ज्यांची चाकं विनाकारण खोललेली आहेत, त्यांनी चौथाई हसावं आणि पुढच्या दारानं जावं.

परवा रेणुकाचा फोन आला. खोलीला रंग देतेय, खुर्च्यांना नवं कापड हवं, म्हणाली. मी उत्तम कापड काढलं, तेच हिरवं, आणि स्वतः घेऊन गेलो. तिच्या बाबांच्या खुर्चीला लावायला सांगितलं. दुसरीला नको म्हणालो. तिचा उजव्या हाताखालचा काठ पार विस्कटलेला आहे, आतला कापूस दिसतो. किती माणसांची बोटं तिथं लागली असतील, मोजदाद नाही. गिऱ्हाईक परत पाठवणारा कापडवाला म्हणून ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिला तो काठ दाखवला. त्यातले तीन दोरे मी उपटलेले आहेत. तीनच. हे भागू नका.